स्टीम ऑइल आणि मशीन ऑइल: मॉडेल इंजिनात कुठलं तेल कुठे?

वाफेच्या इंजिनाचं किट जुळवून झालं, फ्लायव्हील बोटाच्या टिचकीने चार-पाच फेरे घ्यायला लागलं, की घाईघाईत चूक होते ती तेलाची. माझीही तिथेच झाली. शिलाई मशीनचं तेल हाताशी होतं, तेच बेअरिंगला घातलं आणि तेच सिलिंडरमध्येही. वाफ दिल्यावर इंजिन झकास पळालं, पण पाचेक मिनिटांत वेग पडला आणि आतून चिरचिर ऐकू यायला लागली. उघडून पाहिलं तर पितळी पिस्टनवर उभे ओरखडे. तेल घालूनही सिलिंडर ठणठणीत कोरडा होता.

बेअरिंगमधल्या तेलाचं काम तसं सोपं असतं. शाफ्ट आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी) यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते. तिथे पातळ थर धरून राहिलं की झालं. फार उष्णता नाही, पाणी नाही. त्यामुळे हलकं मशीन ऑइल तिथे उत्तम चालतं.

सिलिंडरमध्ये परिस्थिती अगदी वेगळी. गेजवर 2 बार दाब दाखवणाऱ्या वाफेचं तापमान सुमारे 133 अंश सेल्सियस असतं. पण खरा शत्रू उष्णता नाही, पाणी आहे. वाफ आत शिरते, तुलनेने गार भिंतींना लागते आणि तिचं पाणी होतं. मॉडेलचा सिलिंडर लहान, त्यामुळे आतल्या वाफेच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग जास्त, म्हणून हे पाणीही मोठ्या इंजिनाच्या तुलनेत जास्त. ते प्रत्येक फेऱ्यात भिंत धुऊन काढतं आणि पातळ तेल एक्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेली वाफ बाहेर पडते त्या वाटेने, बाहेर नेऊन टाकतं.

स्टीम ऑइल बनवलेलंच असतं या धुलाईला तोंड द्यायला. एक तर ते दाट असतं. तेलाच्या ग्रेडचा आकडा म्हणजे 40 अंशांना त्याचा दाटपणा किती, ते सेंटीस्टोक्स या एककात. हलकं मशीन ऑइल 32 किंवा 68 ग्रेडचं, तर मॉडेलसाठी वापरतात ते स्टीम ऑइल बहुधा 460 चं. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी तिरक्या करून पाहा: एकीतलं तेल पाण्यासारखं धावतं, दुसरीतलं मधासारखं ओघळतं. हे दाट तेल पिस्टनला अडवेल असं वाटतं, पण 133 अंशांना तेच तेल इतकं सैल होतं, की बाटलीतल्या गार मशीन ऑइलपेक्षाही पातळ वाहतं. मग त्या तापमानाला मशीन ऑइलचं काय होत असेल ते बघा. जवळजवळ पाणीच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. स्टीम ऑइलमध्ये खनिज तेलाबरोबर थोडी चरबी मिसळलेली असते. चरबीचे रेणू एका टोकाने धातूला धरतात, त्यामुळे धातू ओला असला तरी थर टिकतो. नुसतं दाट तेल घातलं तर हा गुण मिळत नाही, म्हणून गिअर ऑइलवर भागवू नये. मोटारीचं इंजिन ऑइल तर नकोच. काजळी तरंगत ठेवण्यासाठी त्यात डिटर्जंट असतात, आणि पाण्याशी घुसळलं की दुधाळ फेस होतो.

उलटी चूकही तितकीच वाईट. स्टीम ऑइल बेअरिंगला घातलं तर गार असताना ते शाफ्टला ओढून धरतं. टिचकीला पाच फेरे घेणारं फ्लायव्हील एका फेऱ्यात थांबतं. छोट्या इंजिनाकडे ताकद मोजकीच असते, ती अशी वाया जाते.

घोटाळा होतो तो सीमेवरच्या जागांवर. मी एकच प्रश्न विचारतो: इथे वाफ लागते का? झुलत्या सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडरची सपाट बाजू फ्रेमवर घासते आणि वाफेची भोकंही तिथेच असतात, म्हणून तिथे स्टीम ऑइल. स्लाइड व्हॉल्व्ह (वाफ आत-बाहेर सोडणारी सरकती झडप) आणि पिस्टन रॉडचा ग्लँड (रॉड सिलिंडरबाहेर येतो तिथे वाफ अडवणारा भाग) यांनाही तेच. क्रँक पिन, एक्सेंट्रिक, क्रॉसहेड अशा वाफ न लागणाऱ्या फिरत्या-सरकत्या भागांना मशीन ऑइल.

सिलिंडरला चालू इंजिनात तेल पोचवतो लुब्रिकेटर, म्हणजे वाफेच्या नळीला जोडलेली छोटी बंद डबी. ही डिस्प्लेसमेंट पद्धत ब्रिटिश रेल्वे अभियंते जॉन रॅम्सबॉटम यांनी 1860 मध्ये आणली. बारीक भोकातून थोडी वाफ डबीत येते, तिचं पाणी होऊन तळाशी बसतं, तेवढंच तेल वर उचललं जाऊन वाफेत मिसळतं. एकही हलता भाग नाही! इंजिन चालवून झाल्यावर, दाब पूर्ण उतरल्यावरच, ही डबी उघडावी. पाणी काढताना ते जितकं निघेल, तितकं तेल सिलिंडरला मिळालं असं समजावं. एक्झॉस्टसमोर क्षणभर कागद धरला तर तेलाचे बारीक ठिपके दिसायला हवेत. पाण्याचेच डाग पडले तर डबीतलं तेल संपलं आहे किंवा भोक बुजलं आहे.

डब्ल्यूडी-40 या स्प्रेला तेल समजणारेही खूप. नावातल्या 'डब्ल्यूडी'चा अर्थच पाणी हटवणं असा आहे. इंजिन थंड झाल्यावर ओलावा काढायला ते छान, पण त्यानंतर खरं तेल द्यावंच लागतं.

आता एक अपवाद. नवं किट रुळवताना बरेच जण पहिले काही तास इंजिन कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवतात. तिथे उष्णता नाही, पाण्याची धुलाईही नाही, त्यामुळे स्टीम ऑइल गारच राहतं आणि पिस्टन जड चालतो. तेवढ्यापुरतं सिलिंडरमध्येही हलकं मशीन ऑइल घालावं, आणि बॉयलर जोडायच्या आधी ते पुसून स्टीम ऑइल भरावं.