सोलापूरच्या माळावरचे दीडशे मीटर : हातातला जीपीएस, जुने टोपोशीट आणि डेटमचा गुंता

सह्याद्रीत वाट चुकली तर मान वर करून सुळका किंवा कडा शोधता येतो. सोलापूर जिल्ह्यात ती सोय नाही. १९७९ साली माळढोकसाठी राखीव झालेले नान्नजचे माळ असो, मोहोळ-मंगळवेढ्याकडचा सपाट मुलूख असो की करमाळ्याकडची उघडी गायराने, चारही बाजूंना बाभळी, बांध आणि विजेचे खांब इतकेच दिसते. म्हणून इथे पक्षी मोजणारा, लांडग्यांच्या मागावर असणारा किंवा पाणंदींवरून सायकल नेणारा माणूस हातातल्या जीपीएसच्या आकड्यांवर जास्त विसंबतो.

या आकड्यांबद्दलची जुनी तक्रार अशी, की ते टोपोशीटशी, म्हणजे सरकारी सर्वेक्षणाच्या तपशीलवार नकाशाशी, जुळत नाहीत. विहीर नकाशावर एका जागी, यंत्रात दुसऱ्या जागी, आणि मधले अंतर दीडशे मीटरच्या आसपास. दोष बहुतेक वेळा यंत्राला दिला जातो. पण ही चूक दर वेळी त्याच दिशेला आणि तेवढीच असते. उपग्रहांमुळे होणारी चूक अशी वागत नाही, ती भोवती कुठेही भरकटते. ठरलेल्या दिशेची चूक नकाशाच्या पायातून, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या मानावर मोजले त्या डेटममधून येते, आणि तो पाया जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे.

उपग्रहांची बाजू थोडक्यात सांगता येते. पहिला जीपीएस उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये उडाला. सप्टेंबर १९८३ मध्ये वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेल्यावर ही लष्करी यंत्रणा नागरिकांनाही खुली करण्याची घोषणा झाली. हातात मावणारा पहिला नागरी रिसीव्हर १९८९ साली बाजारात आला तेव्हा त्याची किंमत तीन हजार डॉलरच्या घरात होती. एप्रिल १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे जाहीर झाले.

मार्च १९९० पासून मात्र नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात होती. तिला सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी म्हणत. तिच्यामुळे आडवी चूक शंभर मीटरपर्यंत जाई. आखाती युद्धात सैनिकांनाच पुरेसे लष्करी संच मिळेनात आणि ते नागरी संच वापरू लागले, तेव्हा ही भेसळ काही काळ थांबवावी लागली होती. एरवी नव्वदच्या दशकात माळावर एखाद्या घरट्याचा पॉइंट मार्क करून दुसऱ्या दिवशी परत यायचे, तर शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ पायी धुंडाळावे लागे. एका जागी बराच वेळ थांबून सरासरी काढली की चूक कमी होई. पण दुपारच्या उन्हात घरट्याजवळ तेवढा वेळ रेंगाळणे पक्ष्यालाही त्रासाचे आणि माणसालाही.

१ मे २००० च्या मध्यरात्री ही भेसळ कायमची बंद झाली आणि त्याच संचांवर चूक एकदम दहा-पंधरा मीटरवर आली. त्याच वर्षी आलेला गार्मिन कंपनीचा पिवळा ईट्रेक्स संच भारतातल्या भटक्यांच्या हातात पुढे बरीच वर्षे दिसत राहिला. दोन पेन्सिल सेल, बारा चॅनेल, पाचशे पॉइंटची जागा. त्यात चुंबकीय कंपास नव्हता. दिशा तो चालण्यावरून काढत असे, त्यामुळे थांबून बाण पाहणारा हमखास फसे. वीस-तीस पावले सरळ चालत राहिले की बाण ताळ्यावर येई. कंपास नसलेल्या संचांत आजही हेच करावे लागते.

भेसळ होती तोवर नकाशाची चूक झाकलेली होती. शंभर मीटरच्या भरकटीत दीडशे मीटरचे सरकलेपण वेगळे ओळखू येत नाही. मे २००० नंतर भरकट गेली आणि सरकलेपण उघडे पडले. यंत्र सुधारल्यावर तक्रारी वाढल्या, याचे कारण हे आहे.

आता नकाशाचा पाया. दक्षिण भारतातली त्रिकोणमापनाची मोजणी १८०२ साली मद्रासजवळच्या पायारेषेपासून सुरू झाली. १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे मान ठरले त्याला एव्हरेस्ट लंबगोल म्हणतात, आणि मोजणीचा आरंभबिंदू मध्य भारतातल्या कल्याणपूरला धरला गेला. हे मान भारतीय उपखंडाच्या पृष्ठभागाला चपखल बसावे म्हणून निवडलेले होते. त्याचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या खऱ्या केंद्राशी जुळलाच पाहिजे अशी तेव्हा गरजही नव्हती. जीपीएसचे उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, म्हणून त्यांचे गणित डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक मानावर चालते. दोन्ही मानांच्या विषुववृत्तीय त्रिज्येतच आठशे मीटरहून अधिक फरक आहे आणि केंद्रे एकमेकांपासून काहीशे मीटर दूर आहेत. त्यामुळे एकाच विहिरीला दोन वेगळे अक्षांश-रेखांश मिळतात, आणि आपापल्या मानात दोन्ही बरोबर असतात.

सोलापूर शहरासाठी हा हिशेब असा येतो : डब्ल्यूजीएस ८४ चा अक्षांश जुन्या टोपोशीटपेक्षा सुमारे ३.७ सेकंदांनी जास्त, रेखांश सुमारे ३.६ सेकंदांनी कमी. जमिनीवर हे अंतर उत्तर-दक्षिण सुमारे ११३ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०७ मीटर भरते, तिरके मोजले तर दीडशेच्या किंचित वर. जुन्या शीटवरून वाचलेला पॉइंट तसाच यंत्रात भरला तर यंत्र खऱ्या जागेच्या आग्नेयेला नेऊन उभे करते. उलट, यंत्राचे रीडिंग जुन्या शीटवर मांडले तर खूण वायव्येला पडते. १:५०,००० च्या शीटवर हे तीन मिलिमीटर आहे, पेन्सिलीची चूक म्हणून सोडून देता येण्यासारखे. माळावर ते ओढ्याच्या या काठाचे त्या काठाला नेण्याइतके असते.

दशांश मिनिटांत काम करणाऱ्याला लक्षात ठेवायला एकच आकडा पुरतो : ०.०६. जुन्या शीटवरून यंत्रात भरताना अक्षांशात ०.०६ मिनिट मिळवायचे, रेखांशातून ०.०६ मिनिट वजा करायचे. यंत्रावरून शीटवर मांडताना उलट. करमाळ्याकडे दुरुस्ती दहा-पंधरा मीटरने कमी भरते, अक्कलकोटकडे किंचित जास्त. हाताने मांडणी करताना शीटच्या कडेच्या पाच-पाच मिनिटांच्या खुणा पट्टीने जोडून घ्याव्यात. या अक्षांशावर १:५०,००० च्या शीटवर एक मिनिट अक्षांश म्हणजे सुमारे ३६.९ मिलिमीटर आणि एक मिनिट रेखांश म्हणजे ३५.४ मिलिमीटर. दोन्हींना एकच माप लावले तर चौदा-पंधरा मिनिटांच्या टोकाला एक किलोमीटरच्या पुढे जाणारी नवीच चूक तयार होते.

दुसरा मार्ग म्हणजे यंत्राचाच डेटम बदलणे. अनेक संचांच्या यादीत ‘इंडियन बांगलादेश’ हा पर्याय असतो, तो इथे दहा-बारा मीटरच्या फरकाने चालतो. नेमके हवे असेल तर ‘यूझर’ डेटम निवडून डीएक्स २९५, डीवाय ७३६, डीझेड २५७, डीए ८३५.७५७ आणि डीएफ ०.२८३६१३६८ हे आकडे भरावेत. हे आकडे अमेरिकन लष्करी नकाशा संस्थेने भारत आणि नेपाळसाठी छापलेले आहेत आणि त्यांतच दहा ते पंधरा मीटरची अनिश्चितता आहे. यातला धोका वेगळा आहे. डेटम बदलल्याने साठवलेला पॉइंट हलत नाही, पडद्यावर दिसणारे आकडे तेवढे बदलतात. एव्हरेस्ट मानावर ठेवलेल्या संचाचे आकडे फोनवरून दुसऱ्याला सांगितले आणि त्याचा संच डब्ल्यूजीएस ८४ वर असला, की तेच दीडशे मीटर परत आले. जीपीएक्स (पॉइंट आणि ट्रॅक साठवणारी) फाईल पाठवली तर हा प्रश्न येत नाही, कारण ती नेहमी डब्ल्यूजीएस ८४ मध्येच असते. यंत्र कायम डब्ल्यूजीएस ८४ वर ठेवावे आणि दुरुस्ती कागदावर करावी, हे जास्त सुरक्षित.

पडद्यावर दिसणारे ‘±३ मीटर’ याबाबत काहीच सांगत नाही. तो उपग्रहांच्या मांडणीवरून यंत्राने बांधलेला अंदाज असतो, नकाशा कोणत्या मानावर छापला आहे हे यंत्राला ठाऊक नसते.

या गुंत्यात सर्वांत वादग्रस्त ठरलेला निर्णय मे २००५ चा. राष्ट्रीय नकाशा धोरणाने देशाच्या टोपोशीटच्या दोन मालिका केल्या : संरक्षणासाठी एक आणि लोकांसाठी ‘ओपन सिरीज’. ओपन सिरीज डब्ल्यूजीएस ८४ वर आणि यूटीएम या मीटरच्या चौकटीच्या प्रक्षेपणात काढायची ठरली, आणि लष्करी-नागरी संवेदनशील ठिकाणे तिच्यातून वगळली गेली. सुरक्षेची बाजू समजण्यासारखी आहे आणि डेटम बदलणे तर आवश्यकच होते, त्याशिवाय जीपीएसधारकाला सरकारी नकाशा नीट वापरता येत नव्हता. पण बदलाची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली आणि त्या काळात दोन्ही मानांची शीट्स एकाच वेळी लोकांच्या हातात राहिली. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत, वनरक्षकांच्या चौक्यांत, गिर्यारोहण मंडळांच्या कपाटांत जुनीच शीट्स होती. सामान्य वापरणाऱ्याला दोन मानांमधला फरक मराठीत, उदाहरणासह समजावून सांगणारी एक साधी पत्रिका तेव्हा प्रत्येक शीटबरोबर द्यायला हवी होती. देशाने मान बदलले, पण ते वापरणाऱ्या माणसापर्यंत पोचवण्याचे काम अर्धे राहिले, आणि याचीच किंमत माळावर मोजावी लागली.

क्रमांकही बदलले. जुन्या पद्धतीत सोलापूर शहर ४७ ओ/१४ वर, नान्नज त्याच्या वरच्या ४७ ओ/१३ वर, पंढरपूर ४७ ओ/६ वर आणि अक्कलकोट ५६ सी/२ वर येते, कारण ७६ अंश रेखांशाला जुना पट्टा संपतो. नव्या पद्धतीत हा सगळा भाग ई ४३ खाली येतो. दोन्ही मालिकांची शीट्स पंधरा मिनिटांचीच, पण मिनिटे वेगवेगळ्या मानांतली. म्हणून जुने आणि शेजारचे नवे शीट कडेला कड लावून जोडले तर मधे शंभर मीटरच्या आसपासची पट्टी गळते किंवा दुबार येते. शीट कोणत्या मानाचे हे क्रमांकावरून ओळखू येतेच, खात्रीसाठी कडेची टीप वाचावी.

नव्या शीटवर यूटीएमची चौकट मिळते आणि ती अंश-मिनिटांपेक्षा पायी चालणाऱ्याला सोयीची, कारण आकडे थेट मीटरमध्ये असतात. संपूर्ण जिल्हा ४३ क्यू पट्ट्यात बसतो. शहराच्या आसपास पूर्वांक ५९६००० च्या आणि उत्तरांक १९५२००० च्या जवळपास दिसला म्हणजे सेटिंग बरोबर आहे.

आकडे लिहिण्याच्या पद्धतीतूनही मोठ्या चुका होतात. १७ अंश ३९ मिनिटे ४० सेकंद हे कुणी ‘१७.३९.४०’ असे लिहून पाठवले आणि दुसऱ्याने ते १७°३९.४०′ म्हणून भरले, तर पॉइंट जवळजवळ पाचशे मीटर दक्षिणेला जातो. दशांश अंश समजून १७.३९४० भरले तर चूक तीस किलोमीटरच्या घरात जाते. ती निदान लगेच लक्षात येते. पाचशे मीटरची चूक पोचेपर्यंत कळत नाही, म्हणून तीच जास्त वाईट.

नंतरच्या काळात उपग्रहांची बाजू झपाट्याने सुधारली. २०११ च्या सुमारास साध्या संचांतही रशियन ग्लोनास आले. उपग्रहांच्या संदेशातल्या चुकांच्या दुरुस्त्या पाठवणारी भारताची गगन यंत्रणा डिसेंबर २०१३ मध्ये विमानांसाठी प्रमाणित झाली. हातातल्या संचात ‘वॉस/ईग्नॉस’ चालू केले की तिचाही लाभ मिळतो : गार्मिनच्या उपग्रह पानावर ४० किंवा ४१ क्रमांक आणि पट्ट्यांवर ‘डी’ अक्षर दिसले तर गगनच्या दुरुस्त्या लागू झाल्या. भारताच्या स्वतःच्या नाविक यंत्रणेचे सात उपग्रह एप्रिल २०१६ पर्यंत वर गेले, पण त्यांचे संदेश एल ५ आणि एस या लहरपट्ट्यांत असल्याने बहुतेक हातातल्या संचांना ते ऐकूच येत नव्हते. नागरी संचांच्या ओळखीच्या एल १ पट्ट्यात बोलणारा नाविक उपग्रह मे २०२३ मध्ये उडाला. यांतल्या कशानेही डेटमची दीडशे मीटरची चूक कमी होत नाही.

जुने संच अजून वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. ती एप्रिल २०१९ मध्ये आली तेव्हा अनेक जुन्या संचांवर ऑगस्ट १९९९ ची तारीख उगवली. स्थान बरोबर येते, पण ट्रॅकवरची तारीख चुकीची पडते, त्यामुळे नोंदवहीत तारीख हाताने लिहावी.

२०१७ पासून ओपन सिरीजची शीट्स पीडीएफ रूपात मोफत उतरवता येऊ लागली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली. तरीही जुनी शीट्स चलनात आहेत, आता स्कॅन होऊन मोबाईल अ‍ॅपमध्ये. त्यांना अ‍ॅपमध्ये अक्षांश-रेखांशांवर चिकटवताना कोपऱ्यांचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ समजून भरले असतील तर दीडशे मीटरची चूक चित्रातच भाजली जाते आणि पुढे त्यावरून काढलेल्या प्रत्येक पॉइंटमध्ये उतरते. असे चित्र हातात आले तर आधी तपासावे. रूळ आणि रस्ता जिथे छेदतात असे, जुन्या मोजणीपासून न हललेले ठिकाण निवडावे. तिथे उघड्यावर पंधरा मिनिटे संच चालू ठेवावा, कारण बरेच दिवस बंद असलेल्या संचाला उपग्रहांची पूर्ण यादी उतरवायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. मग सरासरी पॉइंट घेऊन तो चित्रावर पाहावा. खूण वायव्येला दीडशे मीटर पडली तर डेटम, भलतीकडे पडली तर चिकटवण्यातली चूक. असे निदान दोन ठिकाणी करून पाहावे. उजनीच्या पाण्याकाठची ठिकाणे यासाठी घेऊ नयेत. १९८० च्या आधीच्या मोजणीच्या शीटवर तिथे भीमेचे पात्र आणि काठची गावे आहेत, आणि आज त्या जागी पाणी आहे.