व्यापार डाव : नियम शिकण्याची खानदेशी रीत

फासे टाकून पटावर सोंगट्या फिरवायच्या, सोंगटी थांबेल ती जागा विकत घ्यायची आणि पुढे तिथे येणाऱ्याकडून भाडे वसूल करायचे, असा हा बैठा खेळ. घरोघरी त्याला व्यापार, नवा व्यापार किंवा नुसते बिझनेस म्हणतात. मुळात हा अमेरिकेतला मोनोपॉली. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, त्याचा खरा हंगाम उन्हाळी सुट्टीचा. ही नोंद खेळापेक्षा त्याचे नियम एकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात याविषयी आहे, कारण व्यापार छापील कागद वाचून शिकलेला माणूस क्वचितच भेटतो. कागद खोक्यात असतो, पण त्याची घडी कोणी उलगडत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. सकाळी अकरानंतर पोरांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. मामाच्या गावी जमलेली मामे-मावस भावंडे अशा वेळी कूलरसमोर किंवा जुन्या धाब्याच्या घरात सगळ्यांत गार खोली गाठून पट अंथरतात. त्याच दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया येते. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आणि त्या सणाला मोठ्या माणसांचे पत्त्यांचे डाव बसण्याची इकडे जुनी रीत आहे. व्यापारच्या खोट्या नोटांचे पोरांना एवढे अप्रूप का वाटते, हे त्या घरात पाहिल्यावर कळते.

नवे पोर पहिल्या दिवशी ‘कच्चं लिंबू’ असते. त्याला फासे टाकायला मिळतात, सोंगटी सरकवायला मिळते, पण भाडे माफ. दुसऱ्या टप्प्यात तो बँकवाल्याच्या मांडीला मांडी लावून नोटा लावून ठेवतो आणि सुटे देतो. शिकण्याचा खरा वर्ग हाच. शंभराच्या नोटेतून अठरा वजा करून परत देणे, जागेचे तिकीट शोधून काढणे, त्याच्यावर छापलेले भाड्याचे आकडे वाचणे, हे सगळे न सांगता अंगवळणी पडते. तिसऱ्या टप्प्यात त्याच्या जागेवर कोणीतरी येतो आणि तो आपणहून ओरडतो, “मन्ही जागा शे, भाडं दे!” त्या क्षणी तो पक्का गडी झाला. अहिराणी घरात हे वाक्य अहिराणीतच येते. रावेर-यावलकडच्या लेवा बोलीच्या घरात त्याचा सूर वेगळा. हाच टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बहुतेक घरांत पुढचा फासा पडेपर्यंत मागितले नाही तर भाडे बुडते. लक्ष ठेवणे हाही नियमच.

आपल्याकडच्या बऱ्याच संचांत पटावर ३६ घरे, म्हणजे चौकोन, असतात. चार कोपऱ्यांवर सुरुवात, जेल, क्लब आणि रेस्ट हाउस, मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता अशी शहरे. चान्स आणि कम्युनिटी चेस्ट या नशिबाच्या घरांना वेगळी पत्ती नसते. फाशांची बेरीज २ ते १२ यांपैकी जी येईल, तिच्यासमोर पटाच्या मध्यभागी छापलेले नशीब पदरात पडते. मोनोपॉलीच्या पटावर ४० घरे, त्यांपैकी २८ विकत घेण्याजोगी : २२ रस्ते, ४ रेल्वे स्थानके, २ कंपन्या. दोन्ही पटांचे नियम एकमेकांत इतके मिसळले आहेत की कुठला कुठून आला हे सांगणे अवघड.

तोंडी शिकवणीत जे नियम गळतात, त्यांत पहिला लिलावाचा. मोनोपॉलीच्या नियमांनुसार, एखाद्याने थांबलेली जागा घ्यायला नकार दिला तर बँक ती लगेच लिलावात काढते. बोली कोणीही लावावी, नकार देणाऱ्यानेसुद्धा. बहुतेक घरांत हे होतच नाही. ‘नको’ म्हटले की फासे पुढच्याकडे जातात. मग जागा पडून राहतात, पटावर नुसत्या फेऱ्या होतात आणि डाव संध्याकाळपर्यंत लांबतो. व्यापार कंटाळवाणा आहे अशी तक्रार करणाऱ्याने आपल्या घरात लिलाव होतो का, हे आधी पाहावे. वास्तविक खानदेशातल्या पोराला लिलाव समजावून सांगायची गरजच पडू नये. नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीच्या ढिगाभोवती बोली कशी चढते, हे ज्याने आजोबांचे बोट धरून पाहिले आहे, त्याला ‘तशीच बोली इथे लाव’ एवढे पुरते.

दुसरा गळणारा नियम गहाणाचा. पैसे संपले की लगेच डावातून उठायचे नसते. जागा बँकेकडे अर्ध्या किमतीत गहाण टाकता येते. ती सोडवताना त्या रकमेवर दहा टक्के जास्त द्यावे लागतात आणि गहाण असेपर्यंत तिचे भाडे मिळत नाही. पेरणीसाठी पाटल्या गहाण पडून कापूस विकल्यावर सुटल्याची गोष्ट ज्या घरात सांगितली जाते, तिथे हा नियम एका वाक्यात समजतो. त्या जागी बांधलेली घरे असतील तर ती आधी बँकेला निम्म्या भावात परत करावी लागतात, एवढे मात्र बजावून सांगावे लागते.

घरे बांधण्याचा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धवट. एका रंगाच्या सगळ्या जागा हातात आल्याशिवाय बांधकाम नाही, इथवर एकमत. बांधकाम सर्व जागांवर सारखे चढवावे लागते, हे अनेक जण विसरतात. भाड्याचे आकडे नीट वाचणाऱ्याला एक गुपित सापडते : खरी उडी तिसऱ्या घराला आहे. मोनोपॉलीच्या अमेरिकी पटावर १८० डॉलरच्या नारिंगी जागेचे भाडे एका घराला ७०, दोन घरांना २००, आणि तिसऱ्याला एकदम ५५०. हॉटेलला ९५० मिळतात. नारिंगी जागा जेलपासून ६, ८ आणि ९ चौकोन पुढे आहेत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १४ वेळा यांतली एक बेरीज येते, त्यामुळे जेलमधून सुटलेली सोंगटी तिथेच अडकते. शिवाय संचात घरे ३२ आणि हॉटेले १२ एवढीच. घरे संपली की बांधकाम बंद. त्या जागी चिंचोके ठेवून काम भागवणे हे प्रेमापोटी होते, पण त्याने घरे अडवून दुसऱ्याचे बांधकाम रोखण्याची चांगली चाल मरते.

या खेळाचा उगमही तोंडी शिकवणीतच आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकी स्त्रीने ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट १९०४ साली मिळवले. जमीनमालकाच्या हाती भाडे साठत जाते आणि बाकीचे कंगाल होतात, हे लोकांना पटावर दाखवावे हा तिचा हेतू. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या विचारांचा तो प्रचार होता. पुढची तीस वर्षे लोक हाताने पट आखून, एकमेकांना नियम सांगत हा खेळ खेळले आणि आपापल्या गावाची नावे त्यावर घालत गेले. अटलांटिक सिटी या शहरातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी घातलेली तिथल्या रस्त्यांची नावे तर आजही अमेरिकी पटावर आहेत. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने, हाच खेळ मोनोपॉली नावाने विकणाऱ्या चार्ल्स डॅरोकडून तो घेतला आणि मॅगीचे पेटंट ५०० डॉलरला विकत घेतले. तेव्हा मावसभावाकडून नियम शिकणारे खानदेशी पोर काही चुकीच्या वाटेने जात नाही. खेळ तसाच वाढला आहे.

गावाची नावे घालण्याची ती रीत इथेही चालवण्याजोगी आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट आखावा. रेल्वेच्या घरात भुसावळ, कारण मुंबईकडून आलेला मार्ग तिथेच नागपूर आणि खंडव्याकडे फुटतो. थंड हवेच्या महाग जागेवर तोरणमाळ. चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा, तळोदा हे मधले रंग. सगळ्यांत महाग धुळे की जळगाव यावर भांडण होणार, आणि किंमत ठरवताना होणाऱ्या त्या भांडणात भाडे म्हणजे काय, मोक्याची जागा म्हणजे काय, हे पोरे आपसांत बोलून शिकतात.

भांडणाचा निवाडा बँकवाला करतो, म्हणून बँक वयाने मोठ्या भावंडाकडे किंवा आत्याकडे असते. रडीचा डाव खेळणाऱ्याला ती सरळ जेलमध्ये बसवते. असा नियम कुठेही छापलेला नाही, तरी तो सगळ्यांना मान्य असतो. डाव मोडायचा नसेल तर जेवणाआधी प्रत्येकाच्या नोटा मोजून वहीत लिहितात, सोंगट्यांच्या घरांची नोंद करतात आणि पट तसाच खाटेखाली सरकवतात. वही रात्रभर बँकवाल्याच्या उशाखाली राहते.