जबडा कट्कन वाजतो म्हणजे सांधा झिजला असं नाही

जांभई देताना कानाजवळ कट्कन आवाज आला की लोक घाबरतात, आणि हल्ली रील्समधे कुणीही जबड्याला झटका देऊन "शीर मोकळी" करून दाखवतो, म्हणून हे लिहायला घेतलं. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर नुसत्या आवाजासाठी कसलेही उपचार लागत नाहीत, झटके तर अजिबात नकोत.

हा सांधा खरंच भन्नाट आहे. दोन्ही कानांच्या जरा पुढे बोटं टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. सुरुवातीचे दोन-अडीच सेंटिमीटर जबड्याचं गोल टोक जागच्या जागी फिरतं, कोपरासारखं, पण त्यानंतर ते चक्क पुढे आणि खाली घसरतं, बोटाखाली खड्डा पडल्याचं कळतं. फिरणं आणि घसरणं दोन्ही जमतं कारण आत एक चकती आहे जी सांध्याचे दोन कप्पे करते, खालच्यात फिरणं, वरच्यात घसरणं. चकती मधे पातळ, कडेला जाड. मधल्या भागात ना रक्तवाहिन्या ना नसा, त्यामुळे तिथे दाब पडला तरी दुखत नाही. तिच्या मागच्या मऊ भागात मात्र नसाच नसा.

आता ही चकती पुढे सरकली की हाडाचं टोक मागे राहतं, तोंड उघडताना ते चकतीची जाड कड ओलांडून पुन्हा तिच्याखाली शिरतं, तोच तो कट्! मिटताना चकती परत निसटते तेव्हा दुसरा, जरा हलका आवाज. कधीकधी टोकाला कड ओलांडताच येत नाही, मग आवाज बंद होतो पण तोंडही अर्धवटच उघडतं. म्हणजे आवाज अचानक थांबला आणि तोंड उघडेना, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमधे सुद्धा चकती सरकलेली दिसते, त्यामुळे रिपोर्ट वाचून हबकू नका.

दुखणं बऱ्याचदा सांध्याचं नसून स्नायूंचं असतं. स्वस्थ बसलेलं असताना वरच्या-खालच्या दातांमधे २ ते ४ मिलिमीटर फट असते, दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना. स्क्रीनकडे बघत तासन् तास दात आवळून बसलं की गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंना विश्रांतीच नाही. सांध्याची नस कानाच्या भागालाही जाते म्हणून कान दुखतोय असं वाटतं आणि कानात तर काहीच सापडत नाही.

१९३४ मधे जेम्स कॉस्टेन या अमेरिकन डॉक्टरने कानाच्या तक्रारींचा दोष दातांच्या ठेवणीला दिला, ते स्पष्टीकरण टिकलं नाही, पण दुखणं थांबावं म्हणून चांगले दात मशीनने झिजवून "बाइट", म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसायची ठेवण, बदलायची पद्धत कितीतरी वर्षं चालली. झिजवलेला दात परत येत नाही, त्यामुळे अशा उपचाराला सरळ नाही म्हणा. १९८० च्या दशकात या सांध्यात टेफ्लॉनचे इम्प्लांट बसवले गेले, ते आत झिजून तुकडे झाले आणि आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं.

बहुतेकांना साधे उपाय पुरतात: काही दिवस मऊ खाणं, गरम शेक, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, आणि दिवसभरात आठवण करून दात सुटे ठेवणं. नाइट गार्डने (झोपताना दातांवर बसवायचं कव्हर) दात वाचतात, दुखणं जाईलच असं नाही. जॉलाइन, म्हणजे जबड्याची कड, रेखीव दिसावी म्हणून विकली जाणारी कडक च्युइंग गम तर दुखऱ्या जबड्याने चघळूच नये.

पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखायला लागला, कानशील नव्यानेच ठणकतंय किंवा धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण रक्तवाहिनीच्या सुजेने दृष्टी जाऊ शकते. आणि जबड्याबरोबर छातीत दडपण, घाम असेल तर दाताच्या दवाखान्यात नाही, सरळ इमर्जन्सीला जा.