रिपोर्टवरची तीसची रेघ

राजारामपुरीतल्या एका आहार-सल्ला केंद्रात गेल्या महिन्यात एक फाइल चाळायला मिळाली. चौदा पानं, रंगीत छपाई, प्रत्येक चाचणीसमोर हिरवा-पिवळा-लाल पट्टा. बाई पस्तिशीच्या, तक्रार थकव्याची. व्हिटॅमिन डी २६ (रक्ताच्या एका मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम). लॅबने त्यापुढे छापलं होतं ‘अपुरे’. सल्लागार मॅडमनी शेजारी निळ्या पेनने लिहिलं होतं ‘टार्गेट ६०’. आणि बाईंच्या फॅमिली डॉक्टरांनी तोच आकडा बघून सांगितलं होतं, ‘काही नाही, उन्हात फिरा.’ आकडा एक, निकाल तीन. यात कोण खोटं बोलतंय असं विचारलं तर उत्तर ‘कुणीच नाही’ असं येतं.

फंक्शनल मेडिसिन, म्हणजे रोगाच्या नावापेक्षा एकेका माणसाचं शरीर कसं चालतंय ते बघून आहार आणि गोळ्या ठरवणारी पद्धत. हे शब्द कोल्हापुरात दवाखान्याच्या पाटीवर मी कोविडच्या आधी पाहिले नव्हते. आता शाहूपुरीपासून रंकाळ्यापर्यंत दिसतात. पाटीखाली बसलेले लोक एका साच्यातले नाहीत. कुणी बीएएमएस, कुणी बीएचएमएस, कुणी आहारशास्त्रातली पदवीधर, थोडे एमबीबीएस-एमडी, आणि काही केवळ ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेले. आहारतज्ज्ञांच्या नोंदणीचा विषय देशपातळीवर कायद्यात आला तो थेट २०२१ मध्ये, त्यामुळे ही सरमिसळ समजण्यासारखी आहे.

खाण्यातून शरीर घडवायची विद्या या गावाला नवी नव्हती. तालमीतला खुराक, थंडाई, बदाम, तूप, गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध. फरक इतकाच की तिथे मोजमाप मातीत व्हायचं, नळीत नाही. जोर-बैठका किती निघतात आणि फडात किती वेळ टिकतो, हाच रिपोर्ट.

नळीतल्या मोजमापाचा जुना इतिहास थोडक्यात उरकतो, कारण आजचा वाद तिथला नाही. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत सुरू झालेलं काम पुढे वाढलं आणि १९५८ मध्ये हैदराबादला गेलं, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. आपल्याकडचे पोषणाचे सरकारी आकडे आजही तिथून येतात. भारतीय पदार्थांत काय किती आहे याचे तिथले २०१७ चे तक्ते ५२८ पदार्थांचे आहेत. मुंबईत १९२८ नंतर एका इंग्रज महिला डॉक्टरने गरोदर गिरणी कामगार बायकांचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवलं. त्या अर्कातला गुणी घटक म्हणजे फोलेट, तो १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. बी-१२ हाती लागलं १९४८ मध्ये. तोवर प्रश्न सरळ होता : कमतरतेने रोग होतो, भरपाई केली की रोग जातो.

गुंता पुढचा आहे. १९६८ मध्ये दोन नोबेल मिळवलेल्या एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की, रोग टाळण्यापुरतं जीवनसत्त्व वेगळं आणि शरीर उत्तम चालण्यापुरतं वेगळं. फंक्शनल मेडिसिनची मुळं या वाक्यात आहेत. त्या नावाची संस्था अमेरिकेत १९९१ मध्ये उभी राहिली. गंमत अशी की ‘पुरावाधिष्ठित वैद्यक’ हा शब्दही छापील स्वरूपात पहिल्यांदा त्याच वर्षी आला, कॅनडातल्या एका डॉक्टरच्या छोट्याशा संपादकीयात. वर्ष एक, पण दिशा अगदी उलट. एकाचं म्हणणं, समोरचा माणूस इतरांसारखा नाही, त्याचं त्याचं बघा. दुसऱ्याचं म्हणणं, आधी हजारो माणसांवर काय सिद्ध झालंय ते बघा, मग समोरच्याकडे वळा. आज ‘पुरावाधिष्ठित फंक्शनल न्यूट्रिशन’ अशा नावाचे कोर्स विकले जातात तेव्हा या दोन दिशा एकाच पाटीवर बसवलेल्या असतात. ते अशक्य नाही, पण सोपंही नाही.

दोघांची गाठ पडते ती लॅब रिपोर्टच्या उजवीकडच्या रकान्यात. आपण त्याला सर्रास ‘नॉर्मल’ म्हणतो. रिपोर्टवर मात्र तो शब्द सहसा नसतो, ‘बायोलॉजिकल रेफरन्स इंटरव्हल’ असं लांबलचक छापलेलं असतं. ‘नॉर्मल’ शब्द टाळून ‘संदर्भ मूल्य’ म्हणावं ही सूचना १९६९ मध्ये फिनलंडमधून आली. पद्धत अशी की निरोगी माणसं घ्यायची, किमान १२० तरी, त्यांचे आकडे ओळीने मांडायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे आणि मधले ९५ टक्के धरायचे. म्हणजे व्याख्येनेच शंभरातले पाच निरोगी लोक रेघेबाहेर जातात. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर वीस चाचण्यांच्या पॅकेजात निरोगी माणसाची किमान एक तरी चाचणी ठळक अक्षरात यायची शक्यता ६४ टक्के. साठ चाचण्यांचं पॅकेज घेतलं तर ९५ टक्के. फुल बॉडी चेकअपच्या धंद्याचं अर्धं गणित या एका ओळीत आहे.

शिवाय ही १२० माणसं कुठली? बऱ्याचदा रकान्यातले आकडे किट बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकातून जसेच्या तसे उचललेले असतात आणि ती माणसं परदेशातली असतात. कोल्हापुरात याचा ठळक अनुभव तालमीतल्या पोराच्या रिपोर्टला येतो. सीपीके चढलेलं, लिव्हरसाठी बघतात ते एसजीओटी वर, किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन रेघेला टेकलेलं. घरचे घाबरून लिव्हरवाल्याकडे आणि किडनीवाल्याकडे धावतात. आदल्या संध्याकाळी पोराने पाचशे बैठका मारलेल्या असतात. सीपीके स्नायूतून येतं, एसजीओटीसुद्धा नुसत्या लिव्हरचं नसतं, आणि अंगावर मांस जास्त, ताटात मटण जास्त, तर क्रिएटिनिन वर राहणारच. रेघ चुकीची नसते. ती त्याच्यासाठी ओढलेलीच नसते. ‘माणूस बघा, रेंज बघू नका’ हे फंक्शनलवाल्यांचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे.

पण सगळ्यात जास्त भांडण ज्या रेघेवर आहे ती या पद्धतीने ओढलेलीच नाही. व्हिटॅमिन डीचा रकाना हा संदर्भ मूल्यांचा नाही. निरोगी भारतीयांचे मधले ९५ टक्के घेतले असते तर रेघ कितीतरी खाली आली असती. भर उन्हाच्या देशातही ठणठणीत माणसांच्या रक्तात डी कमी भरतं हे दिल्लीच्या डॉक्टरांनी २००० च्या सुमारास दाखवलंच होतं. डीची रेघ म्हणजे निर्णयाची रेघ. ‘याच्या खाली असाल तर काहीतरी करा’ असं कुणीतरी बसून ठरवलेली. आणि ठरवणारे दोन होते.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका शास्त्रीय समितीने सांगितलं की, हाडांसाठी २० नॅनोग्रॅम पुरतं आणि त्यासाठी बहुतेक प्रौढांना रोज ६०० युनिट बस्स. काही महिन्यांतच, २०११ मध्ये, तिथल्याच ग्रंथीतज्ज्ञांच्या संघटनेने तक्ता छापला : २० पर्यंत कमतरता, २१ ते २९ अपुरे, ३० च्या वर पुरेसे. ३० चा आधार काय? एक, डी वाढत गेलं की पॅराथायरॉईड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) उतरत जातं आणि तिशीच्या आसपास स्थिरावतं असं काही अभ्यासांत दिसलं. इतर अभ्यासांत ते भलत्याच ठिकाणी स्थिरावलं किंवा स्थिरावलंच नाही. दोन, कॅल्शियम शोषणाचे काही प्रयोग. तीन, जर्मनीतला ६७५ शवविच्छेदनांचा अभ्यास, ज्यात ३० च्या वर डी असलेल्यांच्या हाडांत खनिज कमी पडल्याची खूण सापडली नव्हती. पण त्यातच २० च्या खालच्या बहुसंख्य लोकांची हाडंही ठीकच होती. समितीने त्यावर बोट ठेवलं, संघटनेने पहिल्या वाक्यावर. एकाच कागदाची दोन वाचनं.

लॅबवाल्यांनी ३० उचललं. भारतातही तेच. तक्ता सुटसुटीत होता, तीन ओळींत मावत होता. आणि खरं सांगायचं तर ३० ची रेघ ओढली की जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर काहीतरी लिहायला मिळत होतं.

खरी गफलत मात्र २० या आकड्याच्याच बाबतीत झाली आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. समितीचा २० हा ‘याखाली कमतरता’ असा आकडाच नव्हता. पोषणशास्त्रात गरज दोन पातळ्यांवर मोजतात. निम्म्या लोकांना पुरेल ती सरासरी गरज, आणि जवळपास सगळ्यांना, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के लोकांना पुरेल ती शिफारस. डीच्या बाबतीत पहिली पातळी १६, दुसरी २०. म्हणजे १८ आलेल्या माणसाला कमतरता आहे असं नव्हे, त्याची स्वतःची गरज १५ चीही असू शकते. सगळ्यात मोठ्या पायाच्या माणसाला बसेल अशा मापाची चप्पल शिवायची आणि ती ज्याला सैल होते त्याचा पाय लहान ठरवायचा, तसं हे झालं. त्या समितीतल्याच काहींनी २०१६ मध्ये लेख लिहून सांगितलं की, आमचा आकडा चुकीच्या कामाला जुंपला जातोय. तोवर डीची साठ हजार युनिटची आठवड्याची गोळी घरोघरी पोचली होती.

फंक्शनलवाल्यांचा ५० ते ८० चा पट्टा या दोन्हीच्या वरचा. त्यामागे निरीक्षणं आहेत : डी जास्त असलेल्यांत अमुक आजार कमी दिसतात. पण आजारी माणूस उन्हात कमी जातो, लठ्ठ माणसाच्या रक्तात डी कमी दिसतं. कारण कोणतं नि परिणाम कोणता हे निरीक्षणातून सुटत नाही. सोडवायला २५,८७१ लोकांचा प्रयोग झाला, अर्ध्यांना रोज २००० युनिट, अर्ध्यांना पोकळ गोळी. पाचेक वर्षांनी, २०१८ मध्ये, निकाल आला : कॅन्सर आणि हृदयविकाराचं प्रमाण घटलं नाही. २०२२ मध्ये कळलं, फ्रॅक्चरही घटले नाहीत. यावर फंक्शनलवाल्यांचा आक्षेप असा की, त्या लोकांचं डी सुरुवातीलाच सरासरी तिशीच्या पुढे होतं, भरल्या पोटाला जेवू घातलंत. आक्षेपात दम आहे. पण मग तीसवाल्यांना साठवर न्यायचं तरी कशासाठी, हा प्रश्न त्यांच्याच अंगावर येतो, आणि त्यावर धड उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

जून २०२४ मध्ये ३० ची रेघ ओढणाऱ्या संघटनेनेच ती मागे घेतली. निरोगी प्रौढांची डीची सरसकट तपासणी करू नका, अमुक इतका आकडा गाठा असं आम्ही आता म्हणत नाही. लहान मुलं, गरोदर बायका, पंचाहत्तरीच्या पुढचे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे, यांना गोळी द्या, तीही आकडा न बघता.

बी-१२ ची गोष्ट नेमकी उलटी, म्हणून तिचा उल्लेख हवा. पुण्यातल्या ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीत ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, हे २००६ मध्ये छापून आलं. इथे कमतरता खरी आहे आणि लॅबचा नेहमीचा आकडा तिला पुरता पकडत नाही. रक्तात बी-१२ रेघेच्या वर असूनही पेशीला मिळत नसेल तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड हे रक्तातले दोन पदार्थ वाढतात. त्यांची तपासणी मागवणारा फंक्शनलवाला पुराव्याला धरूनच चाललेला असतो. सरकारी शिफारसही २०१० मधल्या रोजच्या १ मायक्रोग्रॅमवरून २०२० मध्ये दुपटीच्या वर गेली.

उलट पाच आकडी रक्कम घेऊन होणारी शंभर-दोनशे खाद्यपदार्थांची आयजीजी चाचणी, म्हणजे त्या पदार्थांविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं मोजणं. एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीजी सापडणं म्हणजे बहुधा तो तुम्ही नेहमी खाता एवढंच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी २००८ मध्ये ती करू नका म्हणून सांगितलं, कॅनडातल्यांनी २०१२ मध्ये. तरी कोल्हापुरात माणसं दूध आणि गहू बंद करून बसलेली भेटतात. केसांतल्या खनिजांच्या चाचणीचं तर २००१ मध्येच उघड झालं : एकाच डोक्याचे केस सहा लॅबना पाठवले, उत्तरं एकमेकांशी जुळेनात.

रिपोर्टवर सही कुणाची, हा महाराष्ट्रातला जुना वाद डिसेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कागदावर मिटला : पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. पण त्या सहीने आकडा बरोबर असल्याची हमी मिळते, अर्थाची नाही. अर्थ लावणारा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला असतो.

आणि आकडाही कधी कधी वाटेत बिघडतो. वर म्हटलेलं होमोसिस्टीनच घ्या. नळीतलं रक्त तसंच ठेवलं तर रक्तपेशी ते सोडतच राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला सुमारे दहा टक्के. सकाळी सातला घरी येऊन रक्त घेणारा मुलगा पेटी मोटरसायकलला अडकवून पुढची पाच घरं करतो, दहाला सेंटरवर येतो, मग पेशी वेगळ्या करायला मशीनमध्ये नळी फिरवली जाते, मग नमुना मुंबईच्या गाडीला. १२ चा आकडा १६ होऊन छापला जाणं तिथे अवघड नाही. दुसरी भानगड बायोटिन या जीवनसत्त्वाची. केस गळतात म्हणून सल्लागारच ते मोठ्या डोसमध्ये देतात, आणि काही मशिनं बायोटिनच्याच आधाराने हार्मोन मोजतात. परिणामी थायरॉईडच्या चाचणीत टीएसएच खोटं कमी, टी-फोर खोटं जास्त. धडधाकट बाईला थायरॉईड वाढल्याचा रिपोर्ट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यावर २०१७ मध्ये इशारा दिला होता. आमच्या ओळखीतल्या एकीला पंधरा दिवस थायरॉईडची गोळी चालली, मग कुणीतरी विचारलं, ‘केसांसाठी काही घेता का हो वहिनी?’

राजारामपुरीतली ती फाइल २०२४ च्या बऱ्याच नंतरची होती. उजव्या रकान्यात तीन ओळी तशाच : २० पर्यंत कमतरता, २१ ते २९ अपुरे, ३० च्या वर पुरेसे. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे बदलत नाही का? ती म्हणाली, ‘सॉफ्टवेअरमध्येच आहे ते, सर.’