प्रभामंडलीय तारे व आकाशगंगेचे वस्तुमान

आकाशगंगेच्या तबकडीभोवती सर्व बाजूंनी पसरलेल्या विरळ प्रभामंडलातील दूरच्या ताऱ्यांच्या वेगांवरून तिचे वस्तुमान काढण्याची पद्धत. तबकडीतील वायूच्या परिभ्रमणावरून आतल्या भागाचे वस्तुमान बरेच नेमके कळते. वायू संपतो तेथून पुढे, म्हणजे कृष्णद्रव्याचा (न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचा) मोठा वाटा असलेल्या प्रदेशात, हे तारे, गोलाकार तारकागुच्छ आणि उपग्रह दीर्घिका एवढीच साधने उरतात.

यासाठी आरआर लायरी चलतारे, तांबडे राक्षसी तारे आणि क्षैतिज शाखेवरील (गाभ्यात हेलियम जाळणारे जुने) निळे तारे वापरतात. निळ्या ताऱ्यांची अंगभूत तेजस्विता जवळजवळ ठरावीक असल्याने अंतर सहज निघते; मात्र त्याच रंगाचे, पण पुष्कळ मंद असे दुसऱ्या जातीचे तारे त्यांत मिसळतात. हायड्रोजनच्या वर्णरेषांच्या रुंदीवरून ते वेगळे काढावे लागतात, अन्यथा जवळचा तारा दूरचा ठरतो.

गणिताचा पाया जीन्स समीकरण, म्हणजे ताऱ्यांच्या गती व गुरुत्वाकर्षण यांची सांगड घालणारे समीकरण, हा आहे. ताऱ्यांचे वेग सरासरीभोवती जितके विखुरलेले, तितके आतील वस्तुमान जास्त. खरा वाद कक्षांच्या आकाराचा आहे. अंतराबरोबर ताऱ्यांची घनता साडेतीनाव्या घाताने घटते आणि अरीय (केंद्राकडे वा केंद्रापासून दूर अशा) वेगांचे विचलन, म्हणजे विखुरलेपणा, सर्वत्र सेकंदाला १०० किमी. आहे असे धरले, तर सर्व दिशांना सारखी गती मानल्यास सुमारे २ लाख प्रकाशवर्षांच्या आत सूर्याच्या ४९ हजार कोटी पट वस्तुमान येते. कक्षा बऱ्याच लांबट मानल्यास तेच ३५ हजार कोटींवर उतरते. निरीक्षणे तीच, उत्तर वेगळे! ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गैया उपग्रहाच्या २०१८ मधील निजगतींवरून (आकाशातील आडव्या सरकण्यावरून) निदान आतल्या प्रभामंडलात लांबट कक्षांचे प्राबल्य दिसले. अधिक दूर मात्र निजगती वर्षाला एका मिलिकोनसेकंदाच्याही (कोनीय सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही) अंशमात्र असते, म्हणून ती मोजणे अवघड जाते.

२००८ मध्ये श्वे व सहकाऱ्यांनी २,४०१ निळ्या ताऱ्यांवरून याच २ लाख प्रकाशवर्षांच्या आत सुमारे ४० हजार कोटी सौर वस्तुमान काढले. एकूण वस्तुमान साधारण १ लाख कोटीच्या आसपास असावे, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. तथापि प्रसिद्ध आकडे याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत आढळतात. उपग्रह दीर्घिका वापरताना वेगाने दूर जाणारी ‘सिंह १’ ही एकटी बटुदीर्घिका हिशेबात घेतली की आकडा वाढतो.

समीकरण समतोल गृहीत धरते, आणि तोच पूर्णपणे नाही. मोठ्या मॅगेलनी मेघ या उपग्रह दीर्घिकेच्या ओढीने आकाशगंगेचा आतला भाग सरकला असून बाह्य प्रभामंडलातील उत्तरेकडचे तारे सरासरीने दूर जाताना, तर दक्षिणेकडचे जवळ येताना दिसतात. हा परिणाम वगळल्यास वस्तुमान फुगते. तो धरून डीसन व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सुमारे सव्वातीन लाख प्रकाशवर्षांच्या आत ६० हजार कोटी सौर वस्तुमान दिले.

देवयानी दीर्घिकेसाठी बहुधा तारकागुच्छ व उपग्रह दीर्घिकांवरच भिस्त असते.