बारा व्होल्टवर नऊ व्होल्टचा राउटर

लाईट गेली की इन्व्हर्टर बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करतो आणि राउटरचा ॲडॉप्टर त्याचे परत ९ करतो, हा शुद्ध द्राविडी प्राणायाम आहे. थेट १२ चे ९ करायला मोजून तीन-चार पार्ट लागतात.

पहिल्यांदा सगळ्यांच्या डोक्यात येतं ते दोन रेझिस्टर. १ किलोओहम आणि ३ किलोओहम सिरीजमध्ये लावले की मधे बरोब्बर ९ व्होल्ट, मल्टिमीटरवर छान दिसतात पण. पण राउटर अर्धा अँपिअर ओढतो, म्हणजे सर्किटला तो १८ ओहमच्या रेझिस्टरसारखाच, आणि तो ३ किलोओहमला पॅरलल लागला की त्या ९ चे जेमतेम ०.२ व्होल्ट उरतात. कागदावर पास, प्रॅक्टिकलला नापास.

म्हणून ७८०९ वापरायचा. हा जास्त व्होल्ट घेऊन कायम ९ च बाहेर देणारा तीन पायांचा आयसी, छापील बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. इनपुट-ग्राउंडमधे ०.३३ आणि आउटपुट-ग्राउंडमधे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पायांच्या अगदी जवळ. बॅटरीच्या प्लसलाच १ अँपिअरचा फ्यूज घाला, हे मात्र टाळू नका, कारण एवढी मोठी बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होऊन पेटते.

आता ते जास्तीचे व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत! ३ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे दीड वॅट, आणि बॅटरी चार्ज होत असताना ती १४.४ पर्यंत चढते तेव्हा २.७ वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारा धातूचा तुकडा, नसेल तर हा आयसी दर वॅटमागे साधारण ६५ अंश तापतो, म्हणजे आतली चिप दोनशेच्या घरात जायला निघते आणि दीडशेच्या आसपास स्वतःच बंद पडते. जळत नाही, पण नेट गेलं, आणि मग आपण उगाच कंपनीला शिव्या देत बसतो. ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावा, बास. बॅटरी ११ च्या खाली गेली तरी ९ नीट मिळत नाहीत, आयसीला स्वतःसाठी दोनेक व्होल्ट लागतात, पण तेवढी उतरलेली बॅटरी तशीही अजून पिळू नये.

मोबाईलसाठी ५ व्होल्ट हवे असतील तर मात्र याच जातीच्या ७८०५ च्या नादी लागू नका, २.५ वॅट वापरायला ३.५ वॅट जाळायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तिथे एलएम२५९६ आयसीचं तयार बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल घ्या, ते करंट सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद करतं आणि कॉइल तो सपाट करते, त्यामुळे वाया फार कमी जातं. त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज सेट करायचं, अर्थात मोबाईल जोडायच्या आधी.

राउटरच्या पिनचा प्लस आत की बाहेर, ते ॲडॉप्टरवरच्या गोलाच्या चित्रात असतं.