सुवाह्य ऑक्सिजन संच

अपघाताच्या जागी, जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना किंवा रुग्णवाहिकेतून वॉर्डापर्यंत नेताना रुग्णाचा ऑक्सिजन खंडित होऊ नये यासाठी हाताने उचलून नेता येणारा संच. सिलिंडर, त्यातला दाब कमी करणारा रेग्युलेटर, प्रवाह मोजणारा फ्लोमीटर, नळी व मास्क हे त्याचे भाग.

संचाची रचना वेळेच्या हिशोबापासून सुरू होते. 4.7 लिटर पाणी मावेल एवढ्या ‘ई’ आकाराच्या सिलिंडरात 137 बार (दाबाचे एकक) दाब असला, तर 20 बार राखीव ठेवून सुमारे 550 लिटर वायू हाती येतो. मिनिटाला 10 लिटर प्रवाहाने तो 55 मिनिटे पुरतो, 15 लिटरने जेमतेम 36. ॲल्युमिनियमचा सिलिंडर पोलादी सिलिंडरपेक्षा हलका असतो. जिन्यावर हा फरक फार मोलाचा.

खरी बचत मात्र मास्कपाशी होते. श्वास सोडायला घेण्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे अखंड प्रवाहातला बराच ऑक्सिजन वाया जातो. पिशवीचा मास्क तो साठवतो, पण पिशवी आधी फुगवून घ्यावी लागते आणि श्वासागणिक ती पूर्ण चपटी होऊ द्यायची नसते. श्वास ओढताच झोत सोडणारी यंत्रे आणखी काटकसर करतात. उथळ किंवा अडखळत्या श्वासाला ती चुकतात, म्हणून अत्यवस्थ रुग्णासाठी अखंड प्रवाहाची सोय हवीच. डीआरडीओच्या बंगळुरू येथील प्रयोगशाळेने अतिउंचीवरील जवानांसाठी विकसित केलेली ‘ऑक्सिकेअर’ प्रणाली रक्तातील ऑक्सिजन पाहून प्रवाह बदलते. 2021 मध्ये कोविडच्या लाटेत ऑक्सिकेअरच्या, हाताने व आपोआप चालणाऱ्या मिळून, दीड लाख संचांच्या खरेदीला मंजुरी मिळाली. बोटे गार पडली किंवा रक्तदाब कोसळला, की रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचे आकडे भरवशाचे राहत नाहीत, हे अशा रचनेत गृहीत धरावे लागते.

गोळी वर-खाली होणारा काचनळीचा फ्लोमीटर उभाच असावा लागतो. आडव्या सिलिंडरवर तो चुकीचा प्रवाह दाखवतो. डायलचा फ्लोमीटर कोणत्याही स्थितीत चालतो, पण नळी दुमडली तर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो. छोट्या प्रवासात ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली नकोच, कलंडली की पाणी नळीत शिरते.

जोडणीला तेल, ग्रीस वा व्हॅसलीन लागता कामा नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते. सिलिंडरचा व्हॉल्व्हही हळूच उघडावा. झटक्याने उघडल्यास रेग्युलेटरमध्ये वायू एकदम दाबला जाऊन तापतो. जोडणीतला वॉशर हरवला, झिजला किंवा चुकून दोन बसले की गळती होते. तपासण्यासाठी फ्लोमीटर बंद ठेवून व्हॉल्व्ह उघडावा, दाब वाचून पुन्हा बंद करावा आणि दाबमापकाचा काटा मिनिटभर पाहावा. तो खाली येऊ लागला तर संच गाडीत चढवू नये.